जुन्या कचराभट्टीतून जास्त वीज: टर्बाइन बदलून काही होतं का?

वाफारा
मंडळी, कचऱ्यापासून वीज या विषयावर इथे आधीही धागे निघालेत, पण ते सगळे 'नवा प्लांट हवा की नको' या भांडणात संपले. मला बोलायचंय ते जुन्या प्लांटबद्दल. पंचवीस-तीस वर्षं चाललेली भट्टी, दोन-तीन लाइनी (कचरा जाळायच्या स्वतंत्र शेगड्या म्हणा), प्रत्येक लाइनीला आपापला बॉयलर आणि सगळ्यांची वाफ एकाच टर्बाइनला. असा प्लांट ज्यांच्या गळ्यात असतो त्यांच्याकडे एक प्रस्ताव हमखास येतो: टर्बाइन बदला, वीज वाढेल, खर्च निघेल. माझी नोकरी सगळी बॉयलरच्या बाजूला गेली, त्यामुळे मत आधीच सांगून टाकतो. जुन्या भट्टीतली वीज टर्बाइनमध्ये कमी आणि बॉयलरच्या नळ्यांमध्ये जास्त अडकलेली असते.

थोडी आकडेमोड. कचऱ्याचा उष्मांक किलोला १० मेगाज्यूल धरू. म्हणजे टनामागे सुमारे २,७८० युनिट उष्णता. त्यातली २० टक्के वीज झाली तर साडेपाचशे युनिट. जुने प्लांट याच्या आसपास किंवा खालीच घुटमळतात. कोळशाच्या प्लांटशी तुलना करून लोक नाक मुरडतात, पण तिथे वाफ ५४० अंश आणि त्याहूनही वर नेतात. इथे साधारण ४०० अंश आणि ४० बार दाबाला हात आखडता घ्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. ताशी २० टन जाळणारी लाइन घ्या, टनाला ५०० युनिट, म्हणजे १० मेगावॉट. वर्षाचे तास ८,७६०. चांगली लाइन त्यातले ८,००० तास चालते. दुरुस्त्या वाढत जाऊन ती ७,००० वर आली असेल तर हजार तास गेले, म्हणजे एक कोटी युनिट. उलट नव्या टर्बाइनने तेवढ्याच वाफेतून ५ टक्के जास्त वीज काढली, तर ७,००० तासांत ३५ लाख युनिट मिळतात. जवळपास तिपटीचा फरक आहे. तरी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर टर्बाइनच असतं. त्याचा फोटो चांगला येतो ना.

आडवाटेचा
वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खारुताई
एक बाळबोध प्रश्न. ४०० अंशांवर का थांबायचं? वाफ जितकी गरम तितकी वीज जास्त, असं शाळेत शिकलोय. आग तर हजार अंशांची असेल ना?

क्षारपड
खारुताई, बाळबोध कसला, अख्खा उद्योग याच प्रश्नावर अडलाय. :)

कचऱ्यात क्लोरीन दोन वाटांनी येतं, एक पीव्हीसी प्लास्टिक आणि दुसरी साधं मीठ. उष्ट्याखरकट्यातलं मीठ कुणाच्या लक्षातच येत नाही. जळताना सोडियम आणि पोटॅशियमची क्लोराइडं वाफ होऊन वर जातात आणि सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) त्यामानाने थंड नळ्यांवर जाऊन बसतात. त्यांत जस्त आणि शिसं मिसळलं की त्या थराचा वितळबिंदू भलताच खाली येतो. मग क्लोरीन थराखालून लोखंडापर्यंत पोचतं, त्याचं क्लोराइड होतं, ते बाहेरच्या बाजूला सरकतं, ऑक्सिजन भेटला की त्याचं ऑक्साइड होतं आणि क्लोरीन मोकळं होऊन परत आत शिरतं. म्हणजे क्लोरीन खर्चच होत नाही, तेच तेच पुन्हा पुन्हा लोखंड खातं. नळीचा धातू जितका गरम तितका हा उद्योग जोरात. म्हणून आग हजार अंशांची असली तरी वाफ ४०० वर ठेवायची आणि नळ्या वाचवायच्या.

यावर उपाय नाही असं नाही. ॲमस्टरडॅममध्ये २००७ साली सुरू झालेल्या दोन लाइनी १३० बार आणि ४४० अंशांवर चालतात आणि निव्वळ कार्यक्षमता ३० टक्क्यांवर गेलीय. त्यासाठी नळ्यांवर निकेलच्या मिश्रधातूचा, इन्कोनेल ६२५ चा, थर वेल्डिंगने चढवलाय आणि टर्बाइनमधून अर्धवट काम करून आलेली वाफ परत तापवून पुढे सोडतात. हे सगळं कागदावरच ठरवून बांधावं लागतं. तीस वर्षांच्या बॉयलरला नंतर चिकटवता येत नाही. इन्कोनेलचा थर तेवढा देता येतो, आणि तो द्यावाच.

तळटीप
क्षारपड यांच्या प्रतिसादाला पुरवणी. त्याच ॲमस्टरडॅमच्या आवारात १९९३ च्या चार जुन्या लाइनी आहेत. जुलै २०१९ मध्ये सहापैकी या चारही लाइनी सुरक्षेच्या कारणावरून बंद कराव्या लागल्या. देखभाल रखडली होती. कचरा कुठे न्यायचा याची पळापळ झाली. एका भिंतीला ३० टक्क्यांचा मान आणि शेजारच्या भिंतीला कुलूप. वाफारांचा तासांचा हिशेब पटायला एवढं उदाहरण पुरे.

बंकरमामा
राम राम. मी क्रेनवर होतो, आता निवृत्त. तुम्ही सगळे मेगावॉट बोलताय, मी पंजाचं बोलतो.

बंकरमध्ये, म्हणजे कचरा साठवायच्या खड्ड्यात, एका कोपऱ्यात ओल्या पिशव्यांचा लगदा, दुसऱ्या कोपऱ्यात पुठ्ठा, लाकूड, फाटकी गादी. जसं आलं तसं हॉपरात, भट्टीच्या वरच्या तोंडात, टाकलं तर आधी भट्टी धुमसत राहते, वाफ खाली येते, खालून हवा वाढवतात, आणि तेवढ्यात पुठ्ठा पोचतो की एकदम भडका. वाफेचा आलेख बघवत नाही. म्हणून पंजा भरायचा, वर न्यायचा, हळूहळू उघडून पसरत सोडायचा. परत भरायचा, परत सोडायचा. ढिगाचा रंग सगळीकडून सारखा मळकट करडा दिसायला लागला की मग तो माल हॉपराला. गादी आधी बाजूला काढायची. ती शूटमध्ये, हॉपरखालच्या उतरत्या वाटेत, आडवी बसली की खालचा कचरा पुढे सरकतो आणि गादीखाली पोकळी होते. शूटमध्ये कचऱ्याचा दट्ट्या असतो तोच भट्टीचं झाकण, तो सुटला की आग उलटी वर चढते. मी ती चढलेली पाहिलीय.

आता जुन्या प्लांटची गंमत ऐका. दोन क्रेन असतात, त्यातली एक कायम दुरुस्तीला. मग एकट्या क्रेनने गाड्यांची जागा मोकळी करायची, माल मिसळायचा आणि हॉपरही भरलेला ठेवायचा. यातलं मिसळणंच आधी सुटतं, कारण हॉपर रिकामा दिसला की कंट्रोल रूममधून फोन येतो, आणि न मिसळल्याबद्दल कुणी फोन करत नाही.

खारुताई
मामा, भारी लिहिलंत. असं कुठल्या पुस्तकात नाही मिळायचं.

सौदामिनी
बंकरमामांना दंडवत. आता वाफारांशी थोडं भांडते. टर्बाइनवर एवढा राग का? तुम्हीच लिहिलंय की सगळ्या लाइनींची वाफ एका टर्बाइनला जाते. बॉयलरची नळी फुटली तर एक लाइन बंद पडते. टर्बाइन बंद पडलं तर तिन्ही लाइनींची वाफ बायपासने थेट कंडेन्सरला जाते. कचरा जळतच राहतो, गाड्या येतच राहतात, बाहेरून कुणाला कळतही नाही, आणि वीज शून्य. उलट प्लांट चालवायला लागणारी वीज बाहेरून घ्यावी लागते. पाती झिजलेली, बेअरिंग थरथरणारं टर्बाइन घेऊन आणखी दहा वर्षं काढणं म्हणजे सगळी भिस्त एका जागी ठेवणं.

शिवाय कंडेन्सर. हवेवर थंड होणारा असेल आणि त्याच्या नळ्यांवरचे फिन धुळीने भरले असतील तर आतली निर्वात पोकळी (व्हॅक्यूम) बिघडते आणि तेवढ्याच वाफेतून वीज कमी निघते. बाहेर कडक ऊन असलं की आणखी कमी. फिन नीट धुतले तरी काही शे किलोवॉट परत मिळतात. यासाठी नव्या टर्बाइनचा प्रस्तावही लागत नाही.

वाफारा
सौदामिनी, कंडेन्सरबद्दल शंभर टक्के सहमत. टर्बाइन बंद पडण्याचा मुद्दाही खराच, पण त्याचं उत्तर नीट ओव्हरहॉल आणि हाताशी एक जादा रोटर (टर्बाइनचा फिरता भाग). जास्त क्षमतेचं नवं यंत्र घेण्यापेक्षा ते फार स्वस्त. माझी तक्रार क्षमता वाढवण्याच्या प्रस्तावांवर आहे. बॉयलर जेवढी वाफ देणार तेवढीच देणार, मग टर्बाइन मोठं घेऊन त्यात काय भरणार?

कंडेन्सरसारखीच दुर्लक्षित दुसरी जागा सांगतो: गळती. जुन्या बॉयलरच्या केसिंगला, म्हणजे बाहेरच्या आवरणाला, चिरा असतात, मॅनहोलची पॅकिंग बसलेली असते, राख काढणाऱ्या कन्व्हेयरचं पाण्याचं सील उडालेलं असतं. धूर चिमणीकडे खेचणारा आयडी फॅन ओढतोय म्हटल्यावर तिथून थंड हवा आत येते. बॉयलरमधून धूर बाहेर पडतो तिथे ऑक्सिजन ६-७ टक्के हवा, तिथे ९-१० दिसतो. धुराचं आकारमान वाढतं, उष्णता चिमणीतून जाते, वर आयडी फॅन जास्त वीज खातो. प्लांटची स्वतःची भूक तशीही टनामागे शंभरेक युनिट असते, जुन्यात त्याहून जास्त. ही हवा बंद करायला अवजड काही लागत नाही, शटडाऊनमध्ये दोन माणसं आणि धुराची कांडी पुरते.

कोरडवाहू
सगळं वाचलं. तांत्रिक गप्पा छान आहेत, पण मूळ प्रश्न सगळे टाळताहेत. ही भट्टी आणखी वीस वर्षं ओढायचीच कशाला?

टनभर कचरा जाळला की साधारण टनभर कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला तिसरा हिस्सा ते निम्मा प्लास्टिकचा, म्हणजे खनिज तेलाचा. ४०० किलो धरा. वीज ५०० युनिट. म्हणजे युनिटमागे ०.८ किलो, कोळशाच्या जवळ जाणारा आकडा. याला हरित वीज म्हणायचं? आणि नूतनीकरणाचं कर्ज घेतलं की वीस वर्षं भट्टीला रोज इतके टन पुरवण्याचा करार होतो. मग कचरा कमी करा, ओला वेगळा करा, असं सांगणाऱ्याला करारच आडवा येतो.

तळटीप
कर्जाचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतलं हॅरिसबर्ग. भट्टी १९७२ ची. हवेच्या निकषांत बसेना म्हणून २००३ मध्ये बंद, मग कर्ज काढून नूतनीकरण. खर्च फुगत गेला, कर्जावर कर्ज चढलं आणि २०११ मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला ही गोष्ट वेगळी. शेवटी २०१३ मध्ये भट्टी विकावी लागली. भट्टी आजही चालते, पण शहराच्या मालकीची नाही.

अवांतर: कचऱ्यावर वीज ही कल्पना नवी नाही. लंडनच्या शोरडिचमध्ये १८९७ सालीच कचरा जाळून वीजकेंद्र चालवायला सुरुवात झाली होती. उद्घाटनाला लॉर्ड केल्विन हजर होते. त्याआधी १८७४ मध्ये नॉटिंगहॅमला भट्टी होती.

वाफारा
कोरडवाहू, तुमचं गणित बरोबर आहे. मी फक्त एवढंच जोडेन की तोच कचरा कचराभूमीत पुरला तर मिथेन निघतो, त्यामुळे तुलना कशाशी करायची ते आधी ठरवावं लागतं. ओला कचरा वेगळा करायला माझा विरोध नाही. पण त्याचा भट्टीवर काय परिणाम होतो ते बहुतेकांना उलटं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

भट्टीची खरी मर्यादा उष्णतेची असते. ताशी २० टन आणि किलोला १० मेगाज्यूल, म्हणजे साधारण ५५ मेगावॉट उष्णता. बॉयलर याच्यासाठी बांधला. ओला कचरा गेला, उरलेल्याचा उष्मांक १२.५ झाला. आता तेवढीच उष्णता १६ टनांतच होते. बॉयलर त्याच्या वर घेऊ शकत नाही, घेतलं तर पहिल्या पासमध्ये (आगीच्या लगेच वरच्या, नळ्यांच्या भिंतींच्या कप्प्यात) धुराचं तापमान चढतं, राख चिकट होऊन नळ्यांवर बसते, आणि क्षारपड यांनी लिहिलेला सगळा प्रकार वेगाने सुरू होतो. म्हणजे टनामागे वीज वाढते, तासामागे आहे तेवढीच राहते, आणि ताशी ४ टन कचरा दारात उभा राहतो. टनांच्या हिशेबाने करार केलेला असेल तर ऑपरेटर काय करतो? सांडपाण्याचा ओला गाळ मिसळतो, किंवा चक्क पाणी मारतो. लोकांनी घरोघरी वेगळा केलेला ओलावा दुसऱ्या दाराने परत आत! म्हणून जुन्या प्लांटचा करार टनांत करूच नये, उष्णतेत करावा.

तळटीप
उलट टोकाचं उदाहरण दिल्लीतल्या तिमारपूरचं. १९८७, डेन्मार्कचं तंत्र, रोज ३०० टन, ३.७५ मेगावॉट. कचऱ्याचा उष्मांक अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला, चाचण्यांच्या काळातच प्लांट आडवा झाला. जागतिक बँकेच्या मार्गदर्शनात वर्षाची सरासरी किलोला ७ मेगाज्यूल आणि कुठल्याही हंगामात ६ च्या खाली नको, असं आहे. माती आणि पाणी जाळून वीज होत नाही.

खारुताई
आणि डायॉक्सिन, ते क्लोरीनवालं विषारी रसायन? जुन्या भट्टीजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा, वीज-बीज नंतर, आधी तेच.

क्षारपड
रास्त प्रश्न. भट्टीच्या राखेत डायॉक्सिन असतं हे १९७७ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं. आगीत ते ८५० अंशांवर दोन सेकंद राहिलं की मोडतं, हा नियम आता बहुतेक ठिकाणी आहे. गोम पुढे आहे. धूर थंड होत असताना, साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात, राखेतला कार्बन, क्लोरीन आणि तांबं एकत्र येऊन ते नव्याने तयार होतं. जुन्या प्लांटमध्ये राख पकडायला विद्युत अवक्षेपक असायचे आणि ते नेमके याच टप्प्यातल्या तापमानाला चालायचे. म्हणजे राख पकडायची आणि त्याच डब्यात डायॉक्सिन बनवायचं! ते काढून १५० अंशांच्या आसपास चालणारं बॅगफिल्टर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारं), चुना आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन आला आणि चित्र पालटलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबात तिथल्या मोठ्या कचराभट्ट्यांचं वर्षाचं डायॉक्सिन १९९० मध्ये ४,४०० ग्रॅम होतं, २००५ मध्ये १५ ग्रॅम.

पण हे आकडे भट्टी सलग चालू असतानाचे धरा. चालू-बंद करताना आग नीट नसते, नळ्यांवर काजळी बसते आणि तिचा परिणाम पुढे कितीतरी तास राहतो. सतत ट्रिप होणारी, म्हणजे अचानक बंद पडणारी, जुनी भट्टी म्हणून जास्त धोक्याची. वाफारांचे तास आणि शेजाऱ्यांची हवा हा एकच विषय आहे.

सौदामिनी
वीज विरुद्ध उष्णता यावर कुणीच बोललं नाही अजून. युरोपियन संघाच्या २००८ च्या निर्देशात एक सूत्र आहे, आर-१ म्हणतात. भट्टीला 'ऊर्जा परत मिळवणारी' म्हणायचं की नुसती 'विल्हेवाट लावणारी', हे त्यावर ठरतं. २००९ च्या आधी परवानगी मिळालेल्या प्लांटना ०.६०, नंतरच्यांना ०.६५ गाठावं लागतं. सूत्रात विजेला २.६ ने गुणतात आणि उष्णतेला १.१ ने. २० टक्के वीज, बाकी काही नाही, असा प्लांट ०.५४ च्या आसपास अडकतो. त्याच प्लांटने जवळच्या कारखान्याला थोडी वाफ विकली की पार. व्हिएन्नातली श्पिटेलाऊची भट्टी १९७१ पासून आहे, १९८७ च्या आगीनंतर परत उभी केली आणि शहराला गरम पाणी पुरवते. ती टिकली याचं मोठं कारण ती उष्णता आहे. जिथे उष्णतेला गिऱ्हाईक आहे तिथे विजेमागे एवढं धावायचं कारण नाही.

कोरडवाहू
गिऱ्हाईक असेल तर. भट्टी वस्तीपासून लांब हवी असंही सगळे म्हणतात आणि गरम पाण्याचा नळही वस्तीत न्यायचाय.

सौदामिनी
वस्ती कशाला, कागद गिरणी चालेल, रंगाचा कारखाना चालेल, वर्षभर वाफ लागणारं कुणीही चालेल.

बंकरमामा
आगीचं राहिलंच की. आजकाल बंकरमध्ये बॅटऱ्या येतात. फोनच्या, खेळण्यांच्या, त्या ई-सिगरेटीच्या. पंजात चिरडली की ठिणगी, आणि ढिगाच्या आत धुमसत राहते. वर काही दिसत नाही, नुसता वास येतो. फ्लोरिडातल्या डोरलची भट्टी १९८२ ची, फेब्रुवारी २०२३ मध्ये आग लागली ती कितीतरी दिवस विझेना, आणि प्लांट कायमचा बंद झाला. तिथे आग कशाने लागली ते मला ठाऊक नाही, पण जुन्या शेडमध्ये पाण्याच्या तोफा आणि उष्णता बघणारे कॅमेरे नसतात हे ठाऊक आहे. टर्बाइनच्या आधी ते बसवा.

खारुताई
वाफारा, शेवटचा प्रश्न. नळी फुटणार हे आधी कळतं का?

वाफारा
फुटायच्या आधी कळतं ते शटडाऊनमध्येच. पहिल्या पासच्या भिंतीला मचाण बांधायचं, नळीवरची खपली घासून चकचकीत करायची, जेल लावून अल्ट्रासोनिकची काडी टेकवायची. ५ मिलिमीटर जाड पत्र्याची नळी कुठे ३.८ दाखवते, हातभर अंतरावर २.६. सूट-ब्लोअरच्या (झोताने नळ्यांवरची राख उडवणाऱ्या यंत्राच्या) तोंडासमोर तर हमखास कमी. आकडा खडूने नळीवरच लिहायचा, आणि मागच्या वर्षीच्या नकाशाशेजारी ठेवायचा. किती उरली यापेक्षा वर्षाला किती गेली हे महत्त्वाचं, कारण पुढच्या शटडाऊनपर्यंत टिकेल का ते त्यावरून ठरतं.

फुटल्यावर कळण्याचा क्रम वेगळा. बारीक छिद्र असेल तर आवाज ऐकू येत नाही. आधी बॉयलरला घालावं लागणारं पाणी वाढतं, पाळीच्या नोंदीत दिसतं. मग आयडी फॅनचा करंट चढतो, धुरातली ओल वाढते. त्या ओलीने बॅगफिल्टरवरचा चुना चिकट होऊन पिशव्यांना लिंपला जातो. लोक दोन दिवस ढकलतात, 'शनिवारी बघू' म्हणतात. तोपर्यंत त्या छिद्राची धार शेजारच्या तीन नळ्या कापते आणि एका दिवसाच्या कामाचे आठ दिवस होतात, वर पिशव्या बदलायचा खर्च.

म्हणून ज्यांच्या टेबलावर नूतनीकरणाचा प्रस्ताव आहे त्यांनी दोनच कागद आधी मागावेत: मागच्या पाच वर्षांचे जाडीचे नकाशे, आणि लाइन का बंद पडली याची कारणवार नोंद. पहिल्या पासच्या भिंती आणि ड्रम (पाणी आणि वाफ वेगळी होते ती टाकी) ठीक असतील तर सुपरहीटर बदला, इन्कोनेल चढवा, केसिंगची गळती बुजवा, आणखी दहा-बारा वर्षं सहज निघतात. भिंतीच सगळीकडून पातळ झाल्या असतील तर मात्र कोरडवाहूंच्या बाजूने मत द्यायला मी तयार आहे, त्या बॉयलरवर नवं टर्बाइन लावू नका.

कोरडवाहू
कारणवार नोंद ठेवलेली असते का पण? मी ज्या ज्या ठिकाणी मागितली तिथे 'तांत्रिक बिघाड' एवढंच लिहिलेलं मिळालं.

बंकरमामा
ऑफिसात मागू नका. पाळीचं रजिस्टर मागा, कंट्रोल रूममध्ये असतं. त्यात आम्ही खरं लिहायचो, कारण पुढच्या पाळीवाल्याला तीच भट्टी चालवायची असायची.